मनकर्णाबाईचा मोह

रामटेकच्या डोंगरापलीकडच्या जंगलात कामिनी वनरक्षक होती. झाडांच्या तब्येतीवर लक्ष ठेवायचं, वाळत असेल त्याचं कारण शोधायचं, हे तिचं काम. आजारी माणूस निदान कण्हतो तरी. झाड आतून पोखरलं तरी बरेच दिवस हिरवंच दिसतं.

यंदा शेंड्याकडून वाळू लागला तो तिच्या आईचा, मनकर्णाबाईचा मोह. गावात कुठल्या मोहाची फुलं कुणी वेचायची, हे पिढ्यानपिढ्या ठरलेलं. हे झाड मनकर्णाबाईला सासूने लग्नाच्या वर्षी दिलं होतं. नवरा गेल्यावर याचीच फुलं विकून तिने लेकीला शिकवलं. झाड वाळतंय म्हटल्यावर शेजारणी म्हणाल्या, वीज पडली असेल. यमुताईने तर नजर लागल्याचं सांगून टाकलं, अन् कोणाची तेही सुचवलं.

कामिनीने बुंध्याची साल कोयत्याने खरवडली. आत सगळं काळं. एका अंगाने खोड जळून मेलेलं, तिथूनच वाळवी शिरलेली. फुलं वेचायला जमीन साफ हवी म्हणून बाया दर फागुनात झाडाखालचा पाला पेटवून देत. मनकर्णाबाईचा तर त्यात हात धरणारं कोणी नव्हतं. तिच्या झाडाखाली काडी सापडायची नाही.

वाळवीवर ढकलून मोकळं होता आलं असतं. पण मग पुढच्या फागुनात गावाने पुन्हा काडी लावली असती. आई मागेच उभी होती.

"बोल ना वं, कायनं मरून राहिलं?"

"आगीनं, माय. पाला जाळतो ना आपण, त्यानं."

मनकर्णाबाई त्या काळ्या लाकडावरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिली. मग लेकीकडे वळली.

"हे तुले कवापासून मालूम होतं?"

"नोकरी लागली तवापासून. ट्रेनिंगमधी शिकवलं होतं."

"तवाच तू यमूची आग विझवली, तिले दंड ठोकला. तिचं झाड पाय, कसं हिरवंगार आहे. माह्या धुराकडं काहून नाही आली?"

आईच्या झाडाकडे धूर दिसला की त्या दिवशी कामिनीची गस्त जंगलाच्या दुसऱ्या टोकाला असे. आईवर कारवाई करायची तिची छाती झाली नव्हती. आता तिला स्वतःचीच लाज वाटली.

"तू माय आहे माही," ती कशीबशी म्हणाली. "तुले कसा दंड करू?"

"भरला असता वं मी दंड," मनकर्णाबाई म्हणाली. "झाड तं राहिलं असतं."