महालातलं अणुकेंद्र

नागपूरच्या महाल भागातले विश्वनाथ मास्तर शाळेत भौतिकशास्त्र शिकवत आणि त्याचे प्रयोग घरच्यांवर करत. देवमाणूस! पण एकदा डोक्यात प्रोटॉन शिरला की डाव्या पायात उजवी चप्पल घालून शाळेत जाणार. मी त्यांचा शेजारी, म्हणून हे सगळं मला फुकटात बघायला मिळालं.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्यांच्या घरावर बाका प्रसंग आला. मास्तरांची बायको यमुताई आणि धाकट्या भावाची, मुकुंदाची, बायको चारुशीला यांचं लोणच्यातल्या मेथीवरून असं बिनसलं, की बोलणंच बंद. अक्षय तृतीयेला आपली चूल वेगळी मांडणार, असं चारुशीलेनं जाहीर करून टाकलं. आई गेल्यावर मुकुंदाला मास्तरांनीच वाढवलं होतं. तो पंगतीला नसला तर त्यांना घास उतरत नसे.

एका सकाळी ते माझ्या ओट्यावर आले. "सापडलं गा! दोघी प्रोटॉन आहेत!"

"म्हणजे?"

"दोघींवर सारखाच विद्युतभार. दुरून एकमेकींले ढकलूनच राहिल्या. पण पार जवळ आणल्या, की प्रबल बल त्यांले धरते. मग सुटता सुटत नाही. अणुकेंद्र फुटत नाही ते त्याच्याचमुळे."

"अन् तुम्ही दोघं भाऊ?"

"न्यूट्रॉन. आमच्यावर कोणताच भार नाही," मास्तर छाती फुगवून म्हणाले.

"पण त्या जवळ येतील कशा?"

"सूर्यात कशा येतात? उष्णतेनं! नागपुरात तिची कमी आहे काय?"

मास्तरांचा आवाज वर्गातला. अख्ख्या गल्लीला ऐकू गेला.

घरात कूलर एकच. तो त्यांनी उचलून धान्याच्या कोठीत नेला. तिथे पोती सोडून दोन उशा जेमतेम मावत. पहिल्या दुपारी दोघी जावा पाठ फिरवून आपापल्या भिंतीला चिकटल्या. पण बाहेर चैत्राचं रणरणतं ऊन, आणि वाळ्याचा गार वारा नेमका मधोमध! सरकत सरकत दोघी मध्ये आल्या. एके दिवशी आतून कुजबुज ऐकू आली. मास्तरांनी आनंदानं दाराला कान लावला.

"जाऊबाई, भाऊजींनी मले प्रोटॉन म्हटलं."

"मलेही म्हटलं वं! जन्मभर यांचे डबे केले, अन् मी प्रोटॉन?"

अक्षय तृतीयेला चूल वेगळी झालीच. अंगणात, तीन विटांची, दोघा भावांसाठी.

न्यूट्रॉन अणुकेंद्राबाहेर पडला की फार वेळ टिकत नाही, हे मास्तर दरवर्षी वरच्या वर्गाला शिकवत. पहिली भाकर जळाली, दुसरी राखेत पडली. मग दोघं रिकामी ताटं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. आत एक जाऊ पुरणपोळी लाटत होती, दुसरी भाजत होती, आणि दोघी हसत होत्या. मास्तरांचे डोळे भरून आले. धुरानं म्हणाले, पण मला ठाऊक आहे.

"काहून जी, मास्तर," यमुताईंनी विचारलं, "न्यूट्रॉन बाहेर टिकत नाही काय?"

चारुशीलेनं चार पाट मांडले, एकमेकांना चिकटून.