विहीर नसलेलं बेट

परिषद हा शब्द कानावर पडला तरी आता मला जांभई येते. कोल्हापुरात त्या काळी परिषदांचा नुसता सुकाळ होता. महाराजांचं राज्य, त्यामुळे जो तो आपल्या जातीची, धंद्याची, विद्येची सभा भरवायला इथंच धावायचा. मी मंगळवार पेठेतल्या शाळेत मास्तर. खेड्यापाड्यांतल्या शिक्षकांचं संमेलन भरवायचं जोखड माझ्या मानेवर होतं आणि ते उतरवून घ्यायला कुणी पुढं येत नव्हतं. सतरंज्या मागून आणा, पाणी भरा, रुसलेल्यांची समजूत काढा, आणि शेवटी हात जोडून पुढच्या वर्षीचं आमंत्रण द्या.

जागेपाशी आलं की घोडं पेंड खायचं. वाडा मागितला की मालक विचारायचा, आत कोण कोण येणार? धर्मशाळा मागितली की पुजारी तेच विचारायचा. कारण आमच्यातले एक मास्तर अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळेत शिकवायचे आणि स्वतःही त्याच समाजातले होते. महाराजांनी त्या वेगळ्या शाळा अजून बंद केल्या नव्हत्या. हे मास्तर दर वर्षी यायचे, जोत्याच्या पायरीवर बसून सगळी भाषणं ऐकायचे आणि उठून जायचे. मुलांच्या डोक्यातली हिशेबाची भीती कशी घालवावी यावर त्यांनी एक निबंध लिहिला होता. मी तो वाचला होता, मला आवडला होता. सभेत वाचा म्हणून मी मागं लागलो.

"पायरीवरनं वाचनार न्हाय," ते म्हणाले. "सगळ्यांत बसवा, मग वाचतो की."

त्यांचं काही चुकत नव्हतं. मग मला बेट सुचलं.

गावाच्या वरच्या अंगाला नदीच्या मधोमध एक बेट होतं. चार करंजाची झाडं, थोडी वाळू, बाकी गवत. ते कुणाचंच नव्हतं. मी छापखान्यात जाऊन हस्तपत्रक काढलं: येथे वाडा नाही, देऊळ नाही, विहीर नाही, चोहोबाजूंनी वाहते पाणी, सर्वांस मुबलक सावली. विहीरच नाही म्हटल्यावर ती बाटणार कशी, हा माझा हिशेब. मी स्वतःवर इतका खूश होतो की विचारू नका.

पहिल्या वर्षी लोक हसले. साप निघाला तर? तंबाखू संपली तर कुठं जायचं? जोतिबाच्या डोंगरावरून येणाऱ्या एका मास्तरांनी तर मला तोंडावर सांगितलं, "सभा घ्यायला तुम्हाला जमीन पुरंना व्हय?" दुसऱ्या वर्षी मी गावोगाव पायपीट केली. बेटाची हवा, बेटाची शांतता, बेटावरचा गारवा, सांगून सांगून माझी जीभ झिजली. शाहूपुरीतल्या एका गुळाच्या व्यापाऱ्यानं ने-आण करायला काहिल देऊ केली. उसाचा रस आटवायची ती भलीमोठी पसरट कढई. आमच्याकडे गुऱ्हाळं संपली की तिच्यात बसून नदी ओलांडतात, त्यात नवल काही नाही. शेवटी नाही म्हणायला कारणच उरलं नाही, म्हणून तिसऱ्या वर्षी सगळे हो म्हणाले.

चैत्रातली सकाळ होती. स्वागताला हवं म्हणून मी पहिल्याच खेपेत पलीकडे गेलो. पात्र अरुंद, त्यामुळे काठावरचं बोलणं बेटावर ऐकू यायचं. दोन गडी पोहत काहिल ढकलत होते. तिसऱ्या खेपेला आमचे मास्तर चढले. अंगात कोट, डोक्याला नवा पटका, काखेत निबंध.

"पावणं, मधी दाटून बसा," गडी ओरडला. "गुडघ्याला गुडघा लागला पायजे, न्हायतर काहिल उलटंल."

गुडघ्याला गुडघा म्हणताच बसलेले एकेक करून उठले. कुणी भांडलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. धोतर सावरल्यासारखं करत सगळे बाहेर आले. मास्तरांना मागून एकट्याला आणा, असं कुणीतरी म्हणालं.

"एकट्यानं ठरत न्हाय की वो ही. गरागरा फिरती," गडी म्हणाला.

"मग समोर धोंडं ठेवा की."

मी इकडून ओरडलो, "थांबा, मी येतो!" मास्तरांनी मान न वळवता हात हलवला. राहू द्या. बाकीचे सगळे आधी आले. मग ते आले, तीन धोंड्यांबरोबर. वाडा टाळला, देऊळ टाळलं, विहीर टाळली. पण नदी ओलांडताना माणसाला माणूस लागतो, हे आम्हा दीडशहाण्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. मला इतकी लाज वाटली की मी त्यांच्या पटक्याकडं बघत नमस्कार केला.

बेटावर मात्र सगळं ठरल्याप्रमाणं झालं. झाडाखाली एकच गोल करून बसलो. मास्तर त्यात बसले, उभे राहिले, त्यांनी निबंध वाचला. आवाज कुठंही अडखळला नाही. टाळ्या पडल्या. ज्यानं त्यानं आपली शिदोरी सोडली, भाकरी खाल्ली, आणि सभा फार छान झाली असं एकमेकांना सांगितलं. पुढच्या वर्षीही इथंच, असा ठराव कुणीतरी मांडला. आमंत्रण मी द्यायचं होतं.

निघायच्या वेळी मास्तरांनी कोट काढला, पटका उतरवला, निबंध त्यात गुंडाळला आणि गाठोडं माझ्या हातात दिलं.

"हे तेवढं घिऊन या. मला पवता येतंय."

ते पाण्यात उतरले आणि सरळ हात मारत निघाले. मी काहिलीत बसलो, गाठोडं मांडीवर, दोन्ही बाजूंनी गुडघे माझ्या गुडघ्यांना लागलेले. सगळे माना उंचावून बघत होते.

"काय पोहतोय वो गडी!" शेजारचा म्हणाला. "न्हाय का?"

निबंधाला पडल्या नव्हत्या एवढ्या टाळ्या तेव्हा पडल्या. काठावर ते निथळत उभे होते. मी गाठोडं त्यांच्या हातात दिलं. आमंत्रण ऐकायला लोक माझ्याकडं बघत थांबले होते. मी वहाणा घातल्या आणि घराकडं चालू लागलो.