चौदा नंबरचा बिल्ला

त्यांचा उजवा तळहात आधी पुढे यायचा आणि मग ते स्वतः खुर्चीतून उठायचे. आमच्या खराडीच्या ऑफिसात मागच्या दाराने आत जाणाऱ्या प्रत्येकाने तो तळहात पाहिलेला आहे. नव्या माणसाला वाटायचं, काका ओळखपत्र मागताहेत. तो गळ्यातलं कार्ड पुढे करायचा. काका कार्डाकडे बघायचे, मग स्वतःच्याच तळहाताकडे बघायचे आणि "सवय आहे हो, जा तुम्ही," म्हणून हात खिशात घालायचे.

ही सवय खडकीची. काकांनी अख्खी नोकरी दारूगोळ्याच्या कारखान्यात, तीही फाटकावर केली होती. आत जाणाऱ्याने काडीपेटी, लायटर, विडी, जे असेल ते फाटकावर ठेवायचं, बदल्यात नंबराचा बिल्ला घ्यायचा आणि सुटी झाल्यावर बिल्ला परत देऊन आपली वस्तू न्यायची. साहेब असो की हमाल, तळहात सगळ्यांपुढे सारखाच. निवृत्तीनंतर ते एका एजन्सीतर्फे सुरक्षा रक्षक म्हणून आमच्याकडे आले, तेव्हा त्यांना पुढच्या चकचकीत दारावर उभं केलं होतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी परदेशातून आलेल्या एका बड्या पाहुण्याचा लायटर काढून घेतला. इथली रीत असेल असं समजून पाहुण्याने तो मुकाट्याने दिलाही. वर बातमी पोचेपर्यंत काकांनी मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा गोल कापून, त्यावर आकडा घालून, पाहुण्याच्या हातात बिल्ला ठेवला होता. संध्याकाळी पाहुणा बिल्ला दाखवून आपला लायटर घेऊन गेला. त्याची काही तक्रार नव्हती. तक्रार आमच्याच लोकांची होती. "इथे कॉम्प्युटर असतात काका, बॉम्ब नाही," अशी समज देऊन त्यांना मागच्या दाराला बसवण्यात आलं.

मागचं दार म्हणजे आमचा अड्डा. दाराला लागून जिना, जिन्याला लागून एक अर्धी उघडी गॅलरी. भिंतीवर 'धूम्रपानास सक्त मनाई' अशी पाटी आणि बरोब्बर तिच्याखाली राखेसाठी ठेवलेली वाळूची कुंडी. पाटी कायद्याची होती आणि कुंडी ऑफिसची, आणि दोघींचं एकमेकींशी काही भांडण नव्हतं. काकांची खुर्ची कुंडीपासून चार पावलांवर.

मी तेव्हा सिगारेट ओढत असे. हे लिहिताना जरा संकोच वाटतो, कारण वाचणाऱ्यांत माझ्या दोन मावश्या आहेत. पण ओढत असे, दिवसाला पाच-सहा. पहिल्या दिवशी मी गॅलरीत आले तेव्हा काकांनी खुर्ची फिरवली आणि माझ्याकडे पाठ करून बसले. मला वाटलं, बाईमाणूस सिगारेट ओढतंय म्हणून जुन्या वळणाचा माणूस भिडेने तोंड फिरवतोय. मला त्याचा थोडा राग आला आणि थोडं बरंही वाटलं. पुढे मी आले की खुर्ची फिरायची, मी गेले की परत जागेवर यायची. या फिरत्या खुर्चीवर मी घरी विनोदसुद्धा केलेले आहेत.

काकांचं एक ठरलेलं वाक्य होतं. लिफ्ट बंद पडली आणि कोणी वैतागून त्यांच्याकडे पाहिलं की ते म्हणायचे, "बंद करताना मला विचारलंय का कोणी?" पार्किंगचे पट्टे बदलले, "मला विचारलंय का?" कँटीनचा चहा पांचट झाला, "मला विचारलंय का?" आम्हाला हा खास पुणेरी तिरकसपणा वाटायचा आणि आम्ही हसायचो. त्यांना कधीच कोणी काही विचारलेलं नाही, ही साधी गोष्ट आमच्या डोक्यात आली नाही.

मग एक दिवस वरून फर्मान आलं, की मागच्या जिन्यातला तो कोपरा चालू ठेवायचा की कायद्याप्रमाणे बंद करायचा, यावर सर्वांचं मत घ्या. प्रशासनाचं काम माझ्याकडे, त्यामुळे फॉर्म मीच बनवला आणि मेलवर पाठवला. काय एकेक मतं आली. एकाने लिहिलं, मग चहाही बंद करा. एकाने लिहिलं, पबमध्ये पैसे देऊन धूर खातो, इथे फुकट मिळतोय तर काय बिघडलं. सिगारेट न ओढणाऱ्यांपैकी बहुतेकांनी 'चालू ठेवा' यावरच खूण केली, कारण ओढणारे गेले की त्यांनाही पाच मिनिटं निवांत मिळायची. मीसुद्धा 'चालू ठेवा' म्हटलं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'तिथे कोणालाही त्रास होत नाही.'

निकाल भरघोस बहुमताने आमच्या बाजूने लागला. मी खुशीत सिगारेट घेऊन गॅलरीत गेले आणि काकांना म्हटलं, "काका, कोपरा वाचला. सगळ्यांचं मत घेतलं."

"सगळ्यांचं?" काका म्हणाले. "मला विचारलंय का?"

मी सवयीने हसले. आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं, की खरंच विचारलेलं नाही. काकांना ऑफिसचा मेलच नव्हता. ते एजन्सीचे. मी पेटवलेली सिगारेट कुंडीत खुपसली आणि म्हटलं, "मग आता विचारते. तुमचं काय मत आहे?"

काका उठून उभे राहिले. मतदानाच्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून सकाळी सातला रांगेत उभा राहणारा हा माणूस, मताच्या बाबतीत गंमत करत नसे. "असं उभ्या उभ्या नाही सांगता येणार मॅडम," ते म्हणाले. "उद्या देतो. लिहून."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वहीचा एक कागद माझ्या हातात दिला. अक्षर फाटकावरच्या रजिस्टरसारखं, सुटं आणि सरळ. तो कागद मला जवळजवळ पाठ आहे. 'बाकी सर्व जण इथे पाच मिनिटे येतात. मी आठ तास बसतो. मी विडी कधी ओढलेली नाही. माझ्या छातीचा फोटो पाहून डॉक्टरांनी धुरात बसू नका असे सांगितले आहे. धूर आला की मी खुर्ची वाऱ्याकडे फिरवतो, त्याने थोडे भागते. या वर्षीच्या तपासणीत छाती नापास झाली तर एजन्सी काढून टाकेल. पेन्शन आहे, उपाशी मरणार नाही. परंतु पत्नी गेल्यापासून घरी भिंतींशी बोलावे लागते, इथे माणसे भेटतात. म्हणून कोपरा बंद करावा असे माझे मत आहे. ओढणाऱ्यांवर राग नाही.' खाली पूर्ण नाव आणि सही.

खुर्ची वाऱ्याकडे फिरवतो. मी ते वाक्य वाचलं आणि मला माझी लाज वाटली. इतके महिने तो माणूस माझ्यापासून तोंड वळवत नव्हता, श्वास शोधत होता, आणि मी त्याच्यावर विनोद करत होते.

निकालाच्या कागदांवर मी काकांचा कागद सगळ्यात वर ठेवला आणि साहेबांकडे नेला. आमचे साहेब दिवसाला एक पाकीट संपवणारे. त्यांनी कागद वाचला, सही पाहिली. "हे कोण?"

"मागच्या दाराचे काका."

"ते तिथे बसतात?" साहेबांनी विचारलं. रोज त्याच खुर्चीशेजारी उभं राहून ते "काय काका" म्हणायचे. त्यांनी कागद परत माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "ती कुंडी उचला तिथून."

कुंडी गेली. पाटी तेवढी राहिली. पहिले काही दिवस कुरकुर झाली. आमच्या टीममधला एक पोरगेला इंजिनिअर तर काकांना जाऊन म्हणाला, "काका, धिस इज नॉट फेअर. मेजॉरिटी आमची होती."

"तासाला एक मत धरा," काका म्हणाले, "आणि मोजा परत."

तो मोजायच्या भानगडीत पडला नाही. ओढणारे रस्त्यापलीकडच्या टपरीवर जाऊ लागले. आता लिफ्ट, रस्ता, ऊन, पुन्हा रस्ता, पुन्हा लिफ्ट एवढं कोण करणार? हळूहळू खेपा कमी झाल्या. काही जण स्वतःहून काकांकडे लायटर ठेवायला लागले, जवळ असला की हात जातो म्हणून. काकांनी घरून श्रीखंडाचा रिकामा डबा आणला आणि पुन्हा पुठ्ठे कापले. तळहाताला त्याचं काम परत मिळालं. सकाळी लायटर द्यायचा, बिल्ला घ्यायचा, संध्याकाळी उलट. माझा नंबर चौदा. तपासणीत काकांची छाती पास झाली, त्या दिवशी त्यांनी मागच्या दाराने येणाऱ्या प्रत्येकाला एकेक पेढा दिला. पेढा देताना मात्र तळहात उलटा करावा लागतो, ते त्यांना सुधरत नव्हतं.

असं दोन वर्षं चाललं. मग त्यांची मुलगी बदली होऊन पुण्यात आली, कात्रजला घर घेतलं, आणि म्हणाली, आता नातवाला सांभाळायला चला. बोलायला माणूस मिळाला, तोही बोबडं बोलणारा. काका खुशीत निघाले. साहेबांनी त्यांना निरोपाचं जेवण दिलं, एका दुपारी, पबमध्ये. काका मतदानाचा शर्ट घालून आले होते. पबच्या दारात त्यांचा तळहात आपोआप पुढे आला आणि आमच्यातल्या दोघांनी सवयीने त्यावर लायटर ठेवलेसुद्धा.

आत ओढणाऱ्यांसाठी काचेची वेगळी खोली होती. काका तिच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. "कात्रजला सर्पोद्यानात अशीच सोय आहे," ते म्हणाले. "पण तिथे काच सापांनी मागितलेली नाही." तेवढ्यात एक वेटर तोंडावर रुमाल धरून आतले राखेचे डबे घेऊन बाहेर आला. काकांनी त्याला थांबवलं. मला वाटलं, पाणी मागताहेत.

"किती तास असता आत?" काकांनी विचारलं.

वेटरने आधी आमच्याकडे पाहिलं, मग काकांकडे. "मला विचारताय?" तो म्हणाला.

"तुम्हालाच."

दोघं काय बोलले ते मला नीट ऐकू आलं नाही, पण ताट निवेपर्यंत बोलले.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी काकांनी डबा रिकामा केला. एकेकाला हाक मारून, बिल्ला घेऊन, लायटर हातात दिला. माझी पाळी सगळ्यात शेवटी आली. खरं म्हणजे कित्येक महिन्यांपूर्वी ठेवलेला तो लायटर मी संध्याकाळी मागायलाच विसरत गेले होते, आणि काकांनी कधी आठवण करून दिली नव्हती. पर्समध्ये चौदा नंबरचा बिल्ला मऊ पडला होता. मी तो काढला. काकांनी तळहात पुढे केला नाही.

"मॅडम, परत हवाय का?" ते म्हणाले. "विचारतोय."

मत द्यायला मला काकांसारखा एक दिवस लागला नाही. मी "नको" म्हटलं. त्यांनी लायटर शर्टाच्या खिशात टाकला, डबा पिशवीत घातला आणि "येतो" म्हणून मागच्याच दाराने गेले.

त्या खुर्चीवर आता एक तरुण रक्षक बसतो. चांगला आहे, कार्ड बघतो, हात पुढे करत नाही. मी मात्र दारातून आत येताना अजून पर्स चाचपते. बिल्ला माझ्याकडे आहे आणि लायटर कात्रजला.