आईच्या अंगावरचा हिरवा

आई काळीसावळी, मी तिच्यावरच गेले. धामणगावच्या कापडदुकानात मी हिरव्या साडीला हात लावला की ती म्हणायची, "ठेव ते. आपल्या रंगाले हिरवा खुलत नाही." मग दोघींसाठी फिकट बदामी घ्यायची. मला त्या बदामीची चीड यायची. हातातला चुडा सोडला तर आईच्या अंगावर हिरवं मी कधी पाहिलंच नाही.

मागच्या वर्षी आई गेली. वडील हयात आहेत. सवाष्ण गेली म्हणून बायांनी रिवाजाप्रमाणे तिला हिरवी साडी नेसवली, मळवट भरला. शेजारची काकू हळूच म्हणाली, "पाय वं, कशी खुलून दिसून राह्यली!"

खरंच खुलली होती. मी काकूवरच ओरडले, "मंग तिले जितेपणी काऊन नाही सांगितलं कोणी?"