उडपीच्या डोशात ज्वारी

मराठी राज्य झालं आणि माझ्याकडं छापण्यासारखं काही उरलं नाही. त्याआधी दोन-तीन वर्षं मी संयुक्त महाराष्ट्राची पत्रकंच लिहीत होतो. सोलापूरला कॉलेजात असताना शिकलो. सुरुवातीला "बंधूंनो", लगेच एक सवाल, मग आकडे घालून मुद्दे आणि शेवटी "जागे व्हा". शिक्षण आटोपून परंड्याला घरी आलो, तर गाव जागंच होतं आणि मोटार स्टँडसमोर नाश्ता करीत होतं. मी नसताना तिथं एक हॉटेल निघालं होतं. पाटी होती, "असली उडपी ब्राह्मण हॉटेल".

मी डोसा मागवला. सोलापुरात डोसा खाल्लेला असल्यामुळं या विषयातला गावातला जाणकार मीच, असं माझं मत होतं. समोर आला तो जाड, करड्या रंगाचा आणि कडेला तडकलेला. सांबार म्हणून जे आलं ती तुरीची आमटी होती आणि तिला येसर मसाल्याचा वास होता, म्हणजे आमच्या घरच्या आमटीला येतो तोच. चटणी शेंगदाण्याची. खोबऱ्याचा पत्ता नव्हता.

मालक पन्नाशीचा, कपाळावर गंधाची आडवी पट्टी. मूळचा लोहाऱ्याकडचा शेतकऱ्याचा मुलगा. तिकडं कानडी कानावर पडतंच, तेवढ्या भांडवलावर तो गिऱ्हाईक आलं की स्वयंपाकघराकडं तोंड करून कानडीत ऑर्डर ओरडायचा. आत फक्त त्याची बायको असे. ती भूमची, तिला कानडी येत नव्हतं. ती आपलं काम करीत राही.

मी विचारलं, "हा डोसा कशाचा आहे?"

"डोशाचा."

"यात ज्वारी आहे."

"थोडी हाय," तो म्हणाला. "नुसत्या तांदळाचा खाल्ला तर आपल्या लोकाला जेवल्यावानी वाटत न्हाय. घरी जाऊन परत भाकरी खात्यात. मग हाटेलाचं नाव जातं."

"मग पाटीवर उडपी कशाला?"

"लोहाऱ्याचं हाटेल म्हणून लिवलं तर परंड्यातला माणूस कशाला यील, भाऊ? सोलापुरात मी उडप्याच्यात सात वर्सं भांडी घासली. तेवढं तर हाय का न्हाय?"

आतून बायको म्हणाली, "उडपी कुठं हाय ते त्यांनी तरी बघितलंय का, इचारा."

मी सोलापूरपर्यंत बघितलं होतं. हा मुद्दा मी पत्रकात घेतला नाही.

पत्रक बार्शीहून छापून आणलं. "बंधूंनो, तुम्ही काय खाता?" मुद्दा एक, डोशात ज्वारी. दोन, सांबार ही आमटी आहे. तीन, चटणी. चार, कानडीचं सोंग. पाच, मालक उडपीचा नाही आणि ब्राह्मणही नाही, मग या पाटीचा अर्थ काय? पाचव्या मुद्द्यात मला म्हणायचं होतं, की हॉटेलाच्या पाटीवर जात असावीच कशाला. ते मी लिहिलं नाही, कारण ते उघड आहे असं मला वाटलं. मी स्वतः ब्राह्मणाच्या घरात जन्मलो. जानवं कॉलेजात असतानाच काढून ठेवलं होतं आणि तसं मी लोकांना सांगत असे, न विचारताही.

बाजाराच्या दिवशी पत्रकं वाटली. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावानं वाचली. ज्वारीबद्दल एकानंही चकार शब्द काढला नाही.

आमच्या गल्लीतल्या एका पेन्शनरांनी घरी जाऊन डोक्यावरून आंघोळ केली आणि मुद्दाम येऊन मला तसं सांगितलं. "बरं केलंत हो. आम्ही इतके दिवस तिथं खात होतो!"

"माझं म्हणणं ते नाही," मी म्हणालो.

"पाचवा मुद्दा तुमचाच ना?"

माझाच होता.

आठवड्यात हॉटेल ओस पडलं. एसटीचा ड्रायव्हर आणि कंडक्टर तेवढे येत. तेव्हा समोरच्या दुकानातले म्हातारे शिंपीचाचा एकदा माझ्याकडं आले. त्यांना मराठी वाचता येत नसे. पत्रक त्यांनी कुणाकडून तरी वाचून घेतलं होतं.

"बेटा, ह्यो कागद तुझाच?"

"होय, चाचा."

"लई मेहनत घेतलीस. आता एक सांग, स्टँडवरच्या दुसऱ्या दोन हॉटेलांत आमचे कप कुठं असतात?"

ते मला माहीत होतं. बाहेर, खिळ्याला टांगलेले. चाचांसारख्या मुसलमानांनी आणि गावकुसाबाहेरच्या लोकांनी उभ्यानं चहा प्यायचा आणि आपला कप आपण विसळून परत टांगायचा. त्याविरुद्ध मी सोलापुरात दोन भाषणं केली होती.

"आणि ह्याच्याकडं?" चाचांनी विचारलं.

आणि उत्तरही त्यांनीच दिलं.

"सगळे एका फळीवर. आम्ही आत बाकावर बसतो. पाटी बामणाची, म्हणून बाजूला कोण बसलंय ते कुणी इचारतच नव्हतं. हे तुझ्या कागदात न्हाय."

मी त्या हॉटेलात तीनदा गेलो होतो. फळी पाहिली नव्हती. मी डोसा पाहत होतो.

दुसऱ्या पत्रकाचा मसुदा करून मी हॉटेलात गेलो. पाटी उतरवून भिंतीला उलटी टेकवलेली होती. मालक म्हणाला, "दोन बाजार बघतो. न्हाय तर तवा घिऊन लोहाऱ्याला जातो. तिथं भावांचं माझ्यावाचून काय अडलेलं न्हाय, पर जाणार कुठं?"

मी मसुदा वाचायला लागलो. "बंधूंनो..."

"नगं," तो म्हणाला. "छापू नका. तुमचं वाचत्यात लोक."

मग म्हणाला, "एक करा. सकाळची कुर्डुवाडीची गाडी लागायच्या टायमाला रोज हितं म्होरच्या बाकावर बसा अन् डोसा खावा. तुमी कुणाचे हाय ते गावाला ठावं हाय."

"मी जात मानत नाही."

"तुमी नका मानू. ते मानत्यात."

आतून आवाज आला, "अन् जानवं घालून या म्हणावं, सदऱ्याच्या वरून."

जानव्याला मी साफ नाही म्हणालो. बाकावर बसलो.

याचा मला तेव्हाही राग होता आणि आजही आहे. जातीविरुद्ध लिहिणाऱ्या माणसाची जात हॉटेलाच्या तोंडाशी मांडून ठेवायची, हा काय प्रकार झाला? पण रोज सकाळी मी जात होतो. पाचव्या दिवशी एक वकील आले, नवव्या दिवशी पेन्शनर. दारातूनच म्हणाले, "तुम्ही खाता इथं?"

"खातो."

ते बसले आणि चहा प्यायले. या वेळी आंघोळीचं काही कळवायला आले नाहीत. दोन बाजार गेले आणि तवा जागेवरच होता.

नवी पाटी मालकानं मलाच लिहायला सांगितली. मी लिहिलं, "हॉटेल". त्यानं पेंटरकडून खाली "डोसा मिळेल" घालून घेतलं. यावर आमचा वाद झाला. ज्वारीचा तो डोसा नव्हे, हे माझं मत अजून कायम आहे.

त्यानंतरच्या एका सकाळी गाडीतून एक परगावचा प्रवासी उतरला. हातात ट्रंक, डोक्याला काळी टोपी. दारात उभा राहून त्यानं विचारलं, "हॉटेल ब्राह्मणाचं आहे का?"

मालकानं तव्यावरचा डोसा उलटला आणि उलथनं माझ्याकडं केलं. "हे काय, बसलेत की."

प्रवासी माझ्याकडं पाहू लागला. माझ्याजवळ उत्तर तयार होतं, चार मुद्द्यांचं. पलीकडं बाकावर चाचा बशीत चहा ओतत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

माझ्या तोंडात घास होता. ज्वारी चावायला वेळ लागतो. मी तो वेळ घेतला. प्रवाशानं ट्रंक खाली ठेवली आणि तो चाचांच्या शेजारी बसला.