मावशींचे कोरडे डोळे
शिरूरला आमच्या शेजारी राहणाऱ्या मावशींनी चाळीस वर्षं नाटकांत आणि सिनेमांत कामं केली होती. त्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा आईच आली, तीही रडणारी. मेथीची जुडी मागतानासुद्धा त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायचा. भाजीवाली हसून म्हणायची, "मावशी, वाईच रडून दाखवा की." मावशी जुडी पिशवीत टाकून चालू लागायच्या.

दुपारी त्या आमच्या ओट्यावर आईबरोबर भाजी निवडत बसायच्या. बोलणं गुडघ्यांचं, नाहीतर सुनांचं. नाटकाचं अवाक्षरही नाही.

आई गेली तेव्हा सगळी आळी रडली. मावशी मात्र भिंतीला टेकून कोरड्या डोळ्यांनी उभ्या होत्या. मला ते सहन झालं नाही. दहाव्याला चार बायकांसमोर मी बोलून गेले, "पडद्यावर घळाघळा रडता, आन् माझ्या आईसाठी दोन थेंब न्हाईत व्हय तुमच्याकडं?"

त्यांनी मला बाजूला नेलं. "पोरी, मी रडले असते तर बाया तुझ्या आईला सोडून माझ्याकडं बघत बसल्या असत्या. तिच्या शेवटच्या दिवशी तसं व्हायला नको होतं."

तेव्हाच माफी मागायला हवी होती. मी नुसती मान खाली घातली.

आता त्या दौंडला भाचीकडं असतात. मी अधूनमधून जाते. त्या चहा करतात, मुलांची चौकशी करतात. आईचा विषय निघाला की मात्र उठून आत जातात आणि बऱ्याच वेळानं तोंड धुऊन बाहेर येतात. त्यांच्यामागं आत जायचं धाडस मला अजून झालेलं नाही.