उलथन्याचा पंचनामा

दुष्काळाच्या त्या वर्षी आमच्या वस्तीवर जाड पत्र्याची गोल टाकी होती, टाकीला चार नळ होते आणि नळांना पाणी नव्हतं. तालुक्याच्या कागदावर मात्र टाकी दिवसाआड भरत होती. हा धडधडीत खोटेपणा होता, म्हणून मी पत्रक काढलं. संगमनेरच्या कॉलेजात दोन वर्षांत पत्रक लिहिण्यापलीकडे काही शिकले असेन तर शप्पथ. "भगिनींनो, सोमवारी तालुक्याच्या साहेबांची जीप येते आहे. ताट आणि उलथनं घेऊन या. बहिऱ्या सरकारचे कान उघडा."

भगिनी आल्या. झाडून सगळ्या जर्मनची ताटं घेऊन आल्या.

जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम. हलकं, स्वस्त, पोचा पडला तरी कुणाचा जीव जळत नाही. पण आवाज ओल्या गोधडीवर काठी मारावी तसा. पितळ सगळ्यांनी घरी ठेवलं होतं, कारण त्याला पोचा आला तर सरकार काढून देणार नव्हतं. हे पत्रक लिहिताना मला सुचलं नव्हतं.

माझ्या चुलतीकडं काशाचं ताट होतं. नखानं टिचकी मारली तरी घरभर घुमायचं. ते मी आदल्या दिवशीच मागितलं होतं.

"न्हाई द्यायची," चुलती म्हणाली. "पितळ मारलं तर चेपतं. कासं फुटतं. तुजं सरकार वाकायच्या आधी माजं ताट फुटंल."

मी तिला प्रतिगामी म्हटलं. तिनं माझ्यापुढं भाकरी टाकली. "खा आता परतिगामीच्या हातची."

सोमवारी साहेब जीपमधून उतरले, आमची फटफट ऐकून हसले आणि म्हणाले, "टाकी भरलेली आहे. नळ गंजलेत. मिस्त्री पाठवतो." टाकीच्या झाकणाला कुलूप, किल्ली तालुक्याला. मी भाषण सुरू केलं. तिसऱ्या वाक्याला चुलतीनं मला बाजूला सारलं आणि बाजारात मडकं वाजवून घेतात तसं टाकीवर उलथनं मारलं. ठण्ण. वाकून बुडाशी मारलं. ठण्ण.

"रिकामी हाय, साहेब."

"लोखंड आहे, बाई. वाजणारच."

"व्हय का?" जीपमध्ये मागं साहेबांच्या पिण्याच्या पाण्याचा डबा होता. तिनं त्याच्यावर मारलं. ठप्प. "ह्यो बी पत्राच हाय. ह्यो का वाजंना?"

बायका हसत सुटल्या. साहेबांनी डब्याकडं पाहिलं, टाकीकडं पाहिलं आणि वही काढली.

दुसऱ्या दिवशी तालुक्याहून किल्ली घेऊन टँकर आला. ड्रायव्हरनं अर्ध्या तासात पाइप गुंडाळला. "भरली टाकी. सही करा." मी विजयाच्या भरात पेन उघडलंसुद्धा.

चुलती खालून वर वाजवत गेली. ठप्प, ठप्प, ठप्प. कमरेच्या वर ठण्ण.

"कमरेपातूर हाय, भाऊ. गळ्यापातूर भर, मंग पोरगी सही करंल."

"टँकरच रिकामा झाला, मावशी. मी काय करू?"

चुलती उलथनं घेऊन टँकरकडं निघाली.

"राहू द्या मावशी," ड्रायव्हर म्हणाला आणि त्यानं पाइप परत जोडला.